नमुना क्रमांक दोनशे अकरा

चिकोडीच्या माती तपासणीत माझं काम सोपं :
पिशवी सोडायची, माती सावलीत वाळवायची,
लाकडी हातोडीनं कुटायची, चाळायची,
पाण्यात घोळून यंत्राची दांडी बुडवायची
आणि आकडा लिहायचा.
आकडा खोटं बोलत नाही, असं साहेब म्हणतात.
मला तर वाटतं, आकडा बोलतच नाही.
बोलतात पिशव्या.

बोरगावची माती येते युरियाच्या गोणीच्या तुकड्यात,
सदलग्याची, कुणाच्या तरी लग्नातल्या आहेराच्या पिशवीत,
वधूवरांच्या नावांसकट.
एकदा पावडरीच्या डब्यातून आली,
दोन दिवस चाळणीला बाळाचा वास.

सातगोंडा मगदूम पांढऱ्या गाडीतून उतरले.
कुणाचं देणं नाही, घरावर दुसरा मजला,
दूधगंगेच्या काठाला अकरा एकर :
ऊस, त्याचा खोडवा, आणि परत ऊस.
"एकरी सत्तर टन निघायचा, ताई. अठ्ठावीसवर आलाय.
पोती वाढवली. पाणी वाढवलं."
खिशातून वही काढली.
खत, औषध, बेणं, वीज, तोडणीवाल्यांची खुशाली,
सगळं आखीव. खाली शिल्लक, अजून आहे.
गेल्या सालापेक्षा थोडी कमी.
गेलं साल त्याच्या आधीपेक्षा.

"शेत दिसतं कसं?"
"दुपारचं पांढरं. रांगोळी सांडल्यागत.
म्हशी बांधावरून उतरून चाटत बसतात."
"उप्पु," ईरप्पा शिपाई दारातनं म्हणाला.
"मीठ," मी म्हणाले.
तेवढ्या एका गोष्टीवर आमच्या ऑफिसात
भाषेवरून वाद झाला नाही.

दुसरी पिशवी विनाचिठ्ठीची.
धुतलेल्या पांढऱ्या फडक्याची, तोंडाला दोऱ्याची गाठ.
"आईनं दिली. म्हणाली, ही पण बघा म्हणावं."

गाठ सोडली तर काळीभोर, ओलसर,
आणि तिच्यातून एक गांडूळ
उठवल्यासारखं बाहेर आलं.

पद्मव्वा दिवस मावळायच्या आत जेवतात.
पाणी दुहेरी फडक्यातून गाळतात,
आणि फडक्यात राहिलेले न दिसणारे जीव
पूर्वी विहिरीत परत सोडत,
कळशी पाण्याला टेकवून, हळूच, खळबळ न करता.
ज्याचं घर त्याला.
मग विहिरीचं पाणी मचूळ झालं,
मग तोंडी जाईना,
मग बोअर मारली. सहाशे फूट.
सहाशे फुटांखाली कुणाला कसं परत सोडायचं?
दोन दिवस त्यांनी विचार केला
आणि परसातल्या शेवग्याच्या बुडाशी ओतू लागल्या.
बारा वर्षं झाली.
ही तिथली माती.

आमच्या पत्रकात पहिलीच सूचना छापलेली :
झाडाखालची माती आणू नये. बांधाची नको,
शेणखताच्या ढिगाजवळची नको.
म्हणजे जिथं काही जिवंत असण्याचा संशय, तिथली नको.
नियमानं हा नमुना बाद.
तरी मी दोनशे अकरा नंबर घातला.

गांडूळ टेबलावर वळवळत होतं.
सातगोंडांनी वहीचं एक कोरं पान फाडलं,
त्याच्याखाली अलगद सरकवलं,
श्वास रोखून धरला
आणि बाहेर चिंचेच्या सावलीत नेऊन ठेवलं.
वरून चिमूटभर माती टाकली.
पिढ्यान् पिढ्यांचे हात होते ते.
त्यांना शिकवावं लागलं नव्हतं.
मला गेल्या जूनमधलं काही विचारायचं होतं,
लागणीआधी सरीत काय सोडलं ते.
विचारलं नाही.

आठवड्यानं अहवाल घ्यायला आले.
दोनशे दहाचे आकडे मी तांबड्या शाईनं लिहिले होते,
शिफारशीत जिप्सम, धैंचा, निचऱ्याला चर,
पाणी निम्मं.
त्यांनी ते नीट घडी करून वहीत ठेवलं.
मग दोनशे अकराचा कागद उन्हाकडे धरला,
बराच वेळ वाचला,
आणि गिऱ्हाइकाच्या आवाजात, अगदी मनापासून,
मला विचारलं,
"ही पोत्यात कुठं मिळते?
एकरी किती लागंल?"