सिग्नल तुटला तर

घणसोलीच्या गावठाणात, हसुराम म्हात्रेच्या घरामागे
शेवग्यापासून धुण्याच्या दगडापर्यंत
पंचेचाळीस मिलिमीटर रुळांचं एक वेडंवाकडं वेटोळं.
इंजिन आम्ही दोघांनी केलं. बॉयलर पितळी नळीचा,
पोटात ड्रिल मशीनची बॅटरी.
रुळांत वीज नाही. ते गंजोत, शेवाळोत,
कोंबडी हगो त्यांच्यावर,
इंजिनाला त्याचं सोयरसुतक नाही.

प्रश्न उरला हातातल्या डब्याचा.

खाटेवर तीन रिमोट मांडले.
पहिला विमानवाल्यांचा, दोन दांडे, सहा चॅनेल.
"सहा कशाला? हिला काय उडायचं नाय."
पुढे, मागे, शिट्टी. तिनात भागतं.
दुसरा पिस्तुलासारखा, शर्यतीच्या मोटारींचा.
हसुरामने चाप ओढला
आणि इंजिनाला उचकी लागली.
थांबेना.
आम्ही दोघं इंजिनाकडेच बघत राहिलो.
बोटाकडे कोणीच बघितलं नाही.

(तीन वर्षं झाली, बशी वाजते.
वहिनी हल्ली कप अर्धाच भरतात.)

तिसरा जुना, क्रिस्टलवाला, हातभर एरियलचा,
खरं तर माझ्या आवडीचा.
पण गल्लीतून रिक्षा गेली
की गाडी आपली आपण मागे फिरायची,
घरी काही विसरल्यासारखी.

चोवीस वर्षं हा माणूस क्रेनवर, रबाळ्याला.
आधी वर केबिनमध्ये, मग खाली उभा राहून
लोंबत्या पिवळ्या पेंडंटची बटणं दाबत.
पाच टनांचं लोखंड त्याच्या हातात
भरल्या कळशीसारखं चालायचं.
मी तुर्भ्याला भंगारवाल्याकडे गेलो,
तसलाच एक पेंडंट आणला, किलोच्या भावाने,
घासला, धुतला, आत नवा ट्रान्समीटर बसवला.
एक दाब, वेगाची एक पायरी.
आणि बटणाला जरा धीर शिकवला:
पाव सेकंद टिकेल तो हुकूम,
त्याहून आखूड असेल तो नुसता कंप,
तो मोजू नकोस.
हे चिपला सांगितलं. हसुरामला नाही.

त्याने पेंडंट घेतला, न बघता
अंगठ्याने बटणं चाचपली.
गाडी निघाली. पायरी, पायरी, पायरी.
"भंगारातला ना?" एवढंच म्हणाला,
आणि बराच वेळ हातातून खाली ठेवला नाही.

भांडण झालं ते शेवटच्या सेटिंगवरून.
सिग्नल तुटला तर इंजिनाने करायचं काय?
शेवग्याखाली सिमेंटचा पाइप, तोच आमचा बोगदा,
आत लहरी पोचत नाहीत.
मी म्हटलं, हळू चालत ठेवू.
गोल रूळ आहेत, जाईल कुठे? येईल फिरून.
"नाय. थांबायला पायजे."
अरे, खेळणं आहे हे.
"हात सुटला की थांबायला पायजे."
कोंबड्या खुराड्यात गेल्या, दिवा लागला,
मग म्हणाला,
"ब्याण्णव साली नव्हती थांबली."
खाली कोण होतं, मी विचारलं नाही.
सेटिंग बदललं.

आता दर फेरीला गाडी बोगद्यात अडकते.
एरियल टेंडरमध्ये घातली, छपरात घातली,
शेवटी धुराड्यातून वर काढली.
पाइप कोणाचं ऐकत नाही.
हसुराम लुंगी खोचतो, मातीत पालथा होतो,
खांद्यापर्यंत हात आत घालतो.
तो हात तेव्हा आम्हाला दिसत नसतो,
नुसते डबे वाजतात पाइपाला लागून.

पुढच्या महिन्यात पाइप काढून टाकू, मी म्हणतो.
"राहू दे," गाल मातीला टेकवूनच तो म्हणतो,
"मालगाडी हाय. तिला उशीर चालतो."