मोर्चा कुठे न्यायचा

तेव्हा रस्ता ठरलेला होता.
पाजपंढरीच्या देवळासमोरून निघायचं,
हर्णैची पेठ, मग आसूदचा चढ.
चढाला घोषणा बंद, दम पुरत नसे.
आणि दापोलीला तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर
कोलंबी सोलून चिरलेली बोटं वर करून बसायचं.
तहसीलदार बाहेर येई, घाम पुसे.
यालाही घाम येतो, एवढं बघून
बायका परतीच्या वाटेला हसत सुटायच्या.

केळसकर मास्तर सांगायचे:
समुद्र कुणाच्या बापाचा नाही.
आम्ही ते सोसायटीच्या भिंतीवर गेरूने लिहिलं.
डिझेलचा परतावा, बर्फाचा भाव,
ट्रॉलरवाल्यांशी झालेली डोकेफोड,
सगळं त्या एका ओळीत मावायचं.

माकूल तेव्हा कुणी खात नव्हतं.
जाळ्यात आलं की शाईने हात काळे करी,
आणि एक शिवी खाऊन पुन्हा पाण्यात.

आता संध्याकाळच्या लिलावात
भिकी पावसे टोपलीला पाय लावून उभी असते,
बोली लावणारा आधी मोबाईलकडे बघतो, मग माकुलाकडे.
विगो नावाचं बंदर आहे म्हणे कुठेसं.
तिथला कुणी जेवायला उठला
की इथे किलोमागे चाळीस रुपये पडतात.

गेल्या शिमग्याआधी एक कंटेनर परत आला.
वर शिक्का. कुणाला वाचता येईना.
नातवाने त्यावर फोन धरला, म्हणाला,
'नाकारण्यात आले.'
कोणी, ते लिहिलेलं नव्हतं.

त्या रात्री सोसायटीत सभा.
एकतीस वर्षं इतिवृत्त मीच लिहितोय.
हरेश्वर चोगले उठून म्हणाला, मोर्चा.
सगळे म्हणाले, मोर्चा!
मागून भिकी म्हणाली,
'न्यायचा कुठे पण?'

पंखा तेवढा बोलत राहिला.
तहसीलदार? तो आम्हालाच भाव विचारतो.
मुंबईचा एक्स्पोर्टर? त्याला कोचीवाला सांगतो.
कोचीवाल्याला कोण सांगतं, ते कोचीवाल्यालाही ठाऊक नाही.
मी लिहिलं: विषय क्रमांक चार. चर्चा झाली.
आणि पेनाचं टोपण लावलं.

पण शत्रूची खुर्ची फार दिवस रिकामी राहत नाही.
आठवड्यात पोरांना एक सापडला,
फोनमध्ये, तयार,
चालत जाता येईल इतक्या जवळचा:
बर्फ कारखान्याचा हसनमियाँ परकार,
ज्याचा बर्फ त्याच कंटेनरात
आमच्या माकुलाबरोबर पाणी झाला होता.
झेंडे आले गठ्ठ्याने. काठीला लावायची चिमटीसुद्धा सोबत.
भिंतीवरचा गेरू कुणीतरी चुन्याने झाकला,
वर एक मोठा हसरा चेहरा चिकटवला.

टेकबहादूर आमच्या बोटीवर खलाशी, नेपाळचा,
त्याला इथे मत नाही आणि तिथे पोचायला पाच दिवस.
पोरांचा व्हिडिओ त्याने शांतपणे पाहिला.
म्हणाला, आमच्या गावालाही हाच आलाय.
फक्त नाव दुसऱ्याचं आहे.

मी त्या दिवशी खूप वेळ जाळं नुसतंच हातात धरून बसलो.
आम्ही मास्तरांची ओळ पाठ करून
जगातले कामगार एक होतील म्हणत होतो.
एक झालं ते हे.

पहाटे भिकी बर्फाला निघाली. मी गेलो बरोबर,
कशाला, ते मलाही नीट सांगता येणार नाही.
हसनमियाँ लादी फोडत होता.
मान वर न करता म्हणाला,
'मोर्चाचं ठरत होतं ऐकलं. मीही येतो.
माझेही साडेतीन लाख बुडालेत.
जायचं कुठे?'

मी हात केला. सुवर्णदुर्गाच्या जरा डावीकडे,
जिथे पाणी आणि आभाळ अजून वेगळं झालं नव्हतं.
'तिकडे कुठेतरी.'

त्याने तिकडे पाहिलं, मग माझ्या चपलांकडे.
'चालत?'

आणि अर्धी लादी भिकीच्या टोपलीत टाकून
वहीत उधारी लिहिली.