फुटामागं एक सूत

डोळ्यांच्या दवाखान्यात खिडकीमागची पोरगी विचारते,
पेशंटशी नातं?
मी म्हणतो, सून.
आमच्या कोल्हापुरात बायकाही म्हणतोच म्हणतात,
पुण्याच्या पाहुण्यांनी हसायचं तेवढं हसून घ्यावं.
ती आधार कार्ड उलटंसुलटं करून बघते.
आडनाव जुळत नाही, मॅडम.

जुळणार कसं?
सहा वर्षं झाली, फॅमिली कोर्टात
ते आडनाव ठेवून मी रिक्षानं परत आलो.

आबा बाकावर, मांडीवर टोपी.
रंगराव सुतार, पॅटर्न मिस्त्री, उद्यमनगर.
चाळीस वर्षं सागवानातून पंपांचे साचे काढले,
नखांत अजून पॉलिशचा पिवळा आहे.
त्यांच्या पेटीत एक पट्टी असते,
तिचा फूट बाजारातल्या फुटापेक्षा मोठा.
मला काय माहीत! लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात
तिनंच मी पडद्याचं कापड मापलं
आणि सगळे पडदे जमिनीवर लोळायला लागले.
आबा हसले नाहीत.
म्हणाले, बीड वतलं की गार होताना आकसतंय, बाळ.
म्हणून साचा फुटामागं एक सूत मोठा धरायचा.
आकसणार ते आधीच धरून चालायचं.

पडदे मी खालून दुमडून शिवले.
लग्नात तेवढं कुणी धरलं नव्हतं.

प्रवीण बंगळूरहून एक तारखेला पैसे पाठवतो,
चुकत नाही, हे सांगायला पाहिजे.
वैशाली इचलकरंजीहून रविवारी व्हिडिओ कॉल करते,
आबा फोन असा धरतात की तिला नुसता पंखा दिसतो,
ती पंख्यालाच विचारते, जेवलात का?
घरच्या बाकी सगळ्या ग्रुपमधून मला काढलं.
'आबांची तब्येत' मधून
अजून कुणी काढलेलं नाही.

आणि गडहिंग्लजला माझी स्वतःची आई आहे.
तिला अंघोळ घालते माझी वहिनी.
तिला कुणी विचारत नाही नातं काय,
तिथं खिडकीच नाही.
मी दिवाळीला वहिनीला साडी नेतो
आणि एसटी चुकेल म्हणून लवकर निघतो.

'इतर' टाकू का? पोरगी म्हणते.
मग माझ्या पलीकडे मान काढून,
आजोबा, ह्या कोण तुमच्या?
आबा डोळे बारीक करतात.
सूतभर फरक ज्यांना दारातनं दिसायचा,
त्यांना आता मी म्हणजे एक हिरवट डाग.
म्हणतात, सून हुती.
आता येती.

मग लिहू काय?
त्येच लिही की. येती.

तिनं 'इतर' वर बोट ठेवलं. मी सही केली.

त्या दिवशी बॅग उचलून उंबऱ्यात उभा होतो तेव्हा
काही ठरवलं नव्हतं.
तोंडातून सवयीनं निघालं, येतो आबा.
जातो म्हणायचं नसतं म्हणून म्हणतात, तसंच.
त्यांनी तेवढं ऐकलं आणि दार
नुसतं लोटून घेतलं.
मंगळवारी मी शुगरच्या गोळ्या द्यायला गेलो,
तर कपाटातनं दोन कप आधीच बाहेर काढलेले.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली.
घरी आणलं, थेंब घातले, खुर्चीत बसवलं.
ग्रुपवर टाकलं, ऑपरेशन नीट झालं.
बंगळूरचा अंगठा आला, इचलकरंजीचे जोडलेले हात आले.
आबा बराच वेळ खिडकीकडे बघत होते.
मग म्हणाले,
पडद्याची खालची शिवण वाकडी हाय.

अठरा वर्षं झाली आबा, आज सांगताय?

दिसत हुतं तवा बोललो न्हाई.

उसवू?

नको. लोळंल.