घसा

बस्त्यावने अ‍ॅम्प आणला सायकलवर, गोणपाटात गुंडाळून.
"धा मिनटां बरो वाजता, मगे आवाज बसता."

व्हॉल्व्ह सगळे तांबूस पेटलेले.
बदलून पाहिले. तेच.
स्पीकर ठीक.
आत चारशे व्होल्ट, म्हणून डावा हात खिशात,
ही बाबल मेस्त्रींची शिस्त.

मग माडाच्या हिराची सुकी काडी घेऊन
एकेक सांधा टोचत गेलो.
मागच्या, कधीच न वापरलेल्या जॅकपाशी
टेबलावरचा चहा थरथरला.

पात्यावर हिरवट खार.
वेंगुर्ल्याचं वारं, दुसरं काय.

थेंबभर स्पिरिट, जुना पॉलिश पेपर.
बस्त्यावने तार छेडली.
कोंबड्या फडफडत कुंपणावर गेल्या,
त्यावरून कळलं, केवढा मोठा.

हल्ली मी कोंबड्यांवरच विसंबतो.