एकेचाळिसावी ओळ

वॉर्डाच्या कोपऱ्यात, वजनकाट्याच्या मागे,
मला मोडक्या पाठीची खुर्ची मिळाली.
कालिलोंबे मॅडम म्हणाल्या, "दिसू नकोस. फक्त बघ."
माझं नावच न्डाझिओना. आमच्या भाषेत,
पाहिलंय मी सगळं.
आईनं ते वेगळ्याच दुःखावरून ठेवलं होतं.

फॉर्मवर दोनच रकाने: धुतले, नाही धुतले.
बाळंतिणीला हात लावण्याआधी, लावल्यावर,
रक्त, नाळ, चादर,
दर स्पर्शाला पेन्सिलीची एक खूण.

सोमवारी सगळ्यांनी हात धुतले.
डॉक्टरांनी कोपरापर्यंत.
झाडूवाल्यानंही, माझ्याकडे बघत, दोनदा.
शंभरात ब्याण्णव!
मंगळवारीही तेच. मॅडम खूश.
बुधवारी त्यांना माझा विसर पडला
आणि खरा अभ्यास सुरू झाला.

ऑक्टोबरात झोम्बाचे नळ सकाळी दहाला खोकतात,
मग गप्प.
खिडकीबाहेर जकरांडाचा जांभळा सडा,
त्यापलीकडे ढगात डोकं खुपसून बसलेला डोंगर,
त्याच्या कुशीत म्हणे धरण आहे, भरलेलं.
माई नासिबेको बोअरहोलवरून बादली आणतात
डोक्यावर, थेंबही न सांडता,
तोटीच्या पिंपात ओततात, परत जातात.
पिंप पुरतं अडीच बाळंतपणांना.
फॉर्मवर पिंपाला रकाना नाही.
माईंनाही नाही.

चटईवर बसलेल्या एका सासूबाईंनी विचारलं,
"पोरी, काय गं लिहितेस एवढं?"
"हात मोजते."
"किती भरले?"
"रात्रपाळीला एकच सिस्टर. दोन."
ती पदराआड हसली, म्हणजे चितेंजेच्या टोकाआड.
"तेवढे मोजायला तीन वर्षं शिकलीस?"

रात्री दोन वाजून वीस मिनिटं.
नऊ नंबरला रक्त थांबत नाही,
सहा नंबरला बाळाचं डोकं दिसतंय.
मधे चार पावलं, आणि सिस्टर चिउमिया.
हातमोज्यांचं शेवटचं खोकं उपडं पडलेलं,
पिंपाच्या तोटीतून नुसती हवा.
तिनं हात एप्रनला पुसले
आणि माझ्याकडे पाहिलं,
रागानं नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात तसं.

पेन्सिल दुसऱ्या रकान्यावर टेकली होती.
निरीक्षकाने मध्ये पडू नये: पान सात.
माझ्या पायांनी पान सात वाचलं नव्हतं.
सासूबाईंनी न मागता पिवळा कॅन पुढे केला,
उद्याच्या न्सिमाचं पाणी.
मी ओतत राहिले, साबण फिरला
बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, मनगटापर्यंत.
तिनं हात झटकले.
हात झटकणं म्हणजे अंग काढून घेणं, असं मी ऐकत आले होते.
ती ओल्या हातांनी सहा नंबरकडे धावली.

ब्लँटायरहून आलेले परीक्षक चष्मा पुसत म्हणाले,
"एकेचाळिसावी ओळ कोरी का?"
"तेव्हा मी पाणी घालत होते, सर."
"म्हणजे धुतले."
"हो."
"मग तसं लिहा."
"पण मी तिथे नसते तर, सर?"
वरचा पंखा दोन-तीन वेळा करकरला.
त्यांनी पान उलटलं. पुढचा प्रश्न
नमुन्याच्या आकाराबद्दल होता.

पुढच्या तुकडीच्या फॉर्मवर तिसरा रकाना आला आहे:
पाणी होतं का.
मुली म्हणतात, भरायला फार वेळ जातो.

एक गोष्ट मी कुठेच लिहिली नाही.
सिस्टरला मागून नऊ नंबरनं हाक मारली, ती वळली,
आणि सहा नंबरचं बाळ निसटून आलं
ते माझ्या हातांत.
कोमट, निसरडं, आधी निळं, मग संतापलेलं.

ते हात मी धुतले होते का?
आठवत नाही.
कोपऱ्यातली खुर्ची
तेव्हा रिकामी होती.