एम साइज

मेल त्यांच्या नावाने आला,
ते जाऊन पाच महिने झाल्यावर.
"प्रिय रंगनाथ सानप, तुमची कार्ट तुमची वाट बघतेय!"
शेजारी फुगे, आणि एक लाल घड्याळ, उलटं धावणारं.
आत एकच वस्तू: गुडघ्याचा पट्टा, साइज एम.
सत्तर टक्के सूट. आज रात्री बारापर्यंतच.

त्यांचा गुडघा एक्सेलचा होता.
एम माझा.

एकतीस वर्षं मी नाशिकरोडच्या नोटप्रेसमध्ये
तपासणीच्या टेबलावर होते.
दिवसाला किती शीट हाताखालून जायच्या ते सांगत नाही,
सांगायची सवयच लागू दिली नाही कोणी.
बोटाला आधी कळायचं, डोळ्याला मागून:
शाई जाड बसलीय, आकडा किंचित उतरलाय,
तार जागा सोडून गेलीय.
लाल पेन्सिलीची एक रेघ, आणि शीट बाजूला.
आमच्या कुऱ्हाडेबाई म्हणायच्या,
खोटं करणारा चेहऱ्यावर मेहनत घेतो गं,
तू कडा बघ.

तर मी कडा बघितल्या.
काचेवर बोट फिरवलं; काचेला पोत नसतो.
मोबाईल ट्यूबलाइटसमोर धरला, सवयीनं,
आणि जीभ चावली.
मराठी मात्र शुद्ध. फारच शुद्ध.
दुकानवाल्यांचं खरं पत्र असं नसतं,
त्यात 'आपली ऑर्डर पाठवले गेले आहे' असं काहीतरी असतंच.
आणि घाई! पगाराच्या दिवशीसुद्धा
प्रेसच्या गेटवर एवढी घाई कोणी करत नव्हतं.

खालच्या मजल्यावरची सलोनी पगारे बारावीला आहे.
तिनं शिकवलंय: मावशी, बटण दाबायचं नाही,
नुसतं बोट ठेवून थांबायचं, मग आतला पत्ता वर येतो.
ठेवलं. आला.
दुकानाचं नाव बरोबर, अक्षरन् अक्षर,
मग टिंब, आणि टिंबाच्या पुढे
कुणा भलत्याचंच घर.

झालं की. लाल रेघ.

पण बोट उचलेना.
या चोरांना एम कसं कळलं?
एम सगळ्यांनाच लिहितात, माहीत आहे मला,
हजार जणांना पाठवलं की चारशे गुडघे एमचे निघतात.
पण बिटकोच्या चौकात मी रस्ता ओलांडताना थांबायचे
तेव्हा हा माणूस चार पावलं पुढे जाऊन मागे बघायचा,
काही बोलायचा नाही.
न बोलणारा माणूस रात्री मोबाईलवर
काय काय बघत असेल, मला काय ठाऊक.

साडेअकरा. लाल घड्याळ धावतंय.
देवळालीकडे एक मालगाडी गेली, लांबलचक,
भांडी थरथरली तेवढी.

मेल बंद केला. पुसला नाही, बंद केला.
दुकानाचं ॲप वेगळं उघडलं, समोरच्या दारानं.
पासवर्ड त्यांच्या पासबुकाच्या मागच्या पानावर,
मराठी आकड्यांत, खाली दोन रेघा मारून.

कार्ट होती.
खरंच होती.
गुडघ्याचा पट्टा नव्हता.
निळ्या रिफिल, दहाचं पाकीट, बारीक टोक.
श्रावणात कधीतरी टाकून ठेवलेल्या,
'नंतर घेऊ' मध्ये.

बराच वेळ बघत बसले.
फुगे नाहीत, घड्याळ नाही,
वस्तूचा फोटोसुद्धा जरा तिरका.

मग मागवल्या.
सूट शून्य. वर चाळीस रुपये पोचवायचे.
गुरुवारी येतील म्हणतात, दुपारी,
रंगनाथ सानप यांच्या नावे, जेलरोड.