काटा आधी की गाडी

कनुभाईंच्या गॅरेजात ती कधीच बंद पडत नाही.
प्रतापनगरच्या पुलाखाली तासभर गुरगुरत राहते,
पाहुण्यांसमोर शहाणं होणाऱ्या पोरासारखी.
वाघोडिया रोडला लागलं, की चाळिसाव्या मिनिटाला
एकदम मुकी. ना आचका, ना धूर.
स्टिअरिंग तेवढं ओल्या गोधडीसारखं जड.

प्लग बदलले. फिल्टर बदलला.
पेट्रोलचा पंप कान लावून ऐकला.
शेवटी चिंधीला हात पुसत त्यांनी एवढंच विचारलं,
"बेन, काटा पहेलां पडतो के गाडी?"

कुठला काटा?
मी आरशात बघत होते. मागे ट्रक होता.

म्हणून आज ते शेजारी बसलेत,
मांडीवर थंड पाण्याची बाटली, नजर आरपीएमवर.
मी चालवतेय. वैशाखातली दुपार.
आयुष्यात पहिल्यांदा मनात म्हणतेय, पड बाई, बंद पड.
सर्कल गेलं. भजियांची लारी गेली.
"पडशे," ते म्हणतात. त्यांना घाई नाही.

आणि पडतोच काटा,
सरळ शून्यावर,
गाडी मात्र अजून धावतेय, शंभरेक हात,
तिला कुणी सांगितलेलंच नाही.

"सेन्सर. क्रँकचा. तापला के आंधळा."
बॉनेट उघडून, खाली कुठेतरी हात घालून
ते बाटली रिकामी करतात. चर्र. वाफ.
चावी फिरवते.
लागते.

साडेसातशेचा भाग, उद्या बसवू म्हणाले.
परतताना दोघांचीही नजर काट्यावर,
मागचा ट्रक हॉर्न देत राहिला.